शेवटचा थेंब नसलेलं टायट्रेशन

नायगाव सोडून लोकल भाईंदरच्या पुलाकडे निघाली की खिडकीबाहेर मिठागरांचे चौकोन दिसू लागतात. नायगाव, जूचंद्र, राजावली या पट्ट्यात हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. पाऊस सरला की भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका कुंडातून दुसऱ्यात फिरवत उन्हात आटवायचं आणि मीठ बसलं की ओढून ढीग घालायचे. मीठ काढून झालं की तळाशी थोडं पाणी उरतं. ते चवीला जहर कडू असतं. मीठ पिकवणाऱ्याच्या लेखी त्याला किंमत नाही. उलट ते मिठात राहिलं तर मीठच कडवट होतं, म्हणून ते खाडीत सोडून दिलं जातं.

या कडू पाण्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि त्यांच्यासोबत ब्रोमाइड. लिटरभर समुद्राच्या पाण्यात मीठ पंचवीस ग्रॅमच्या वर, तर ब्रोमाइड जेमतेम ६५ मिलिग्रॅम. पण मीठ निघून गेलं की मागे राहिलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण चढत जातं. फ्रान्समधल्या माँपेलिएच्या आंत्वान बालार या विशीतल्या तरुणानं मिठागरातल्या अशाच पाण्यात क्लोरीन सोडला आणि पाणी पिवळं-तांबूस झालं. त्या रंगातून १८२६ मध्ये ब्रोमीन हे नवं मूलद्रव्य हाती आलं. जर्मनीत लीबिगसारख्या दिग्गजाकडे तसल्या द्रवाची बाटली आधीच येऊन पडली होती. त्यानं ते आयोडीन आणि क्लोरीनचं संयुग समजून बाजूला ठेवलं आणि शोध हातचा गेला.

ब्रोमीन हाती तर आलं, पण ते हातात राहीना. द्रवरूप असूनही ते सतत उडत असतं. त्याचं अचूक मापाचं द्रावण सकाळी करून ठेवावं, तर दुपारपर्यंत त्याचं माप बदललेलं. त्याच्या या पळपुटेपणातूनच पुढे मोजमापाची एक नवी रीत जन्माला आली. ती बुडापेस्टहून पॅसाडेनाला पोहोचली आणि तिच्या एका भावंडानं पुण्याच्या आकाशात पस्तीस किलोमीटरपर्यंत मजल मारली.

टायट्रेशन शिकलेल्या कुणालाही ही अडचण लगेच कळेल. वसईच्या वर्तक महाविद्यालयात असो की विरारच्या विवात, रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला टायट्रेशन चुकत नाही. ब्युरेटमध्ये माहीत असलेल्या ताकदीचं द्रावण, खाली फ्लास्कमध्ये अनोळखी द्रावण, एक हात तोटीवर, दुसरा फ्लास्क हलवण्यात गुंतलेला. थेंब पडत राहतात आणि एका थेंबाला फिकी गुलाबी छटा येऊन टिकते. तोटी बंद करायची, आकडा टिपायचा. हाच एंड पॉइंट. गे-लुसॅकनं १८३२ मध्ये पॅरिसच्या टांकसाळीला चांदीचा कस याच पद्धतीनं काढून दाखवला होता आणि त्याच्या ब्युरेटमध्ये होतं साध्या मिठाचं पाणी.

या सगळ्या कसरतीला दोन गोष्टी गृहीत धराव्या लागतात. एक, ब्युरेटमधल्या द्रावणाची ताकद ठरलेली आहे आणि ती बदलत नाही. दोन, मोजायची वस्तू फ्लास्कमध्ये मुकाट्यानं बसून आहे आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत आपल्याला वेळ आहे. ब्रोमीननं पहिलं गृहीत मोडलं. दुसरं मोडलं युद्धानं.

पहिल्या अडचणीची किल्ली मायकेल फॅरेडे शंभर वर्षं आधीच ठेवून गेला होता. द्रावणातून वीज सोडली की इलेक्ट्रोडवर किती पदार्थ तयार होतो, हे त्यातून किती वीज गेली यावर ठरतं, हा त्याचा १८३३-३४ चा निष्कर्ष. आजच्या भाषेत, एक मोल इलेक्ट्रॉन म्हणजे ९६,४८५ कूलोंब. या हिशेबाला घसारा नाही, गळती नाही. एक कूलोंब वीज गेली की चांदीच्या द्रावणातून १.११८ मिलिग्रॅम चांदी इलेक्ट्रोडवर बसणारच. हा नियम इतका भरवशाचा की १९४८ पर्यंत खुद्द अँपिअरची आंतरराष्ट्रीय व्याख्या याच चांदीच्या वजनावर बेतलेली होती.

चांदीच्या वजनावरून वीज मोजता येते, तर मग विजेवरून पदार्थ का मोजू नये? १९३८ मध्ये बुडापेस्टच्या लास्लो सेबेलेदी आणि झोल्तान शोमोगी यांनी हा हिशेब उलटा फिरवला. त्यांची युक्ती सांगायला सोपी आहे. ब्रोमीन साठवायचंच नाही. ज्या भांड्यात मोजायचा पदार्थ आहे, त्यातच भरपूर ब्रोमाइड घालायचं आणि वीज सोडायची. इलेक्ट्रोडवर ब्रोमाइडचं ब्रोमीन होतं आणि जन्मताच समोरच्या पदार्थावर तुटून पडतं. बाटली नाही, त्यामुळे उडून जायला वेळही नाही. पदार्थ संपला की ब्रोमीनला गिऱ्हाईक उरत नाही, ते द्रावणात साचू लागतं आणि एंड पॉइंट कळतो. तोवर किती वीज गेली ते पाहायचं, की पदार्थ किती होता ते निघालं.

भरपूर ब्रोमाइड घालण्यामागे मर्म आहे. वीज थेट मोजायच्या पदार्थावर सोडली, तर तो संपत आल्यावर इलेक्ट्रोडपर्यंत पुरेसा पोहोचत नाही. मग वीज पाण्यावर किंवा दुसऱ्याच कशावर खर्च होते आणि हिशेब बिघडतो. ब्रोमाइड मात्र इलेक्ट्रोडपाशी कधी कमी पडत नाही. प्रत्येक इलेक्ट्रॉनचा जमाखर्च त्याच्यामार्फतच होतो. तोटीची जागा विजेच्या बटणानं घेतली आणि थेंबाची जागा इलेक्ट्रॉननं. या दोघांनी हायड्रॅझिन, थायोसायनेट, हायड्रॉक्सिलअमाइन असे कितीतरी पदार्थ या पद्धतीनं मोजले. गेलेली वीज मोजायला त्यांनी फॅरेडेच्या काळातलीच जुनी वाट धरली आणि चांदीच्या इलेक्ट्रोडचं वजन केलं. सेबेलेदी १९४४ मध्ये गेला, चाळिशीतच. आपल्या पद्धतीचं पुढे काय झालं, हे त्याला दिसलं नाही.

तोवर युरोप पुन्हा युद्धात जळत होता. २ डिसेंबर १९४३ च्या रात्री जर्मन विमानांनी इटलीच्या बारी बंदरावर बॉम्ब टाकले. तिथे उभ्या असलेल्या 'जॉन हार्वे' या अमेरिकी जहाजात मस्टर्ड वायूचे सुमारे दोन हजार बॉम्ब होते आणि ती गोष्ट गुप्त ठेवलेली होती. ज्यांना माहीत होतं ते जहाजासोबतच बुडाले. पाण्यातून बाहेर काढलेल्या खलाशांच्या अंगावर तेलकट पाणी होतं. काहींना लसणासारखा वास आला, पण कुणी त्याकडे लक्ष दिलं नाही. काही तासांनी डोळे सुजले, अंगावर फोड उठले. सहाशेहून अधिक जणांना वायूची बाधा झाली आणि त्यांपैकी ८३ जण रुग्णालयात दगावले. हा कसला आजार, हे डॉक्टरांनाच आधी कळेना.

मस्टर्डची खरी दहशत इथे आहे. पहिल्या महायुद्धात, जुलै १९१७ मध्ये ईप्रच्या रणांगणावर तो प्रथम वापरला गेला तेव्हापासून सैनिकांना ठाऊक होतं की तो लागताना दुखत नाही. दुखायला लागतं तेव्हा वेळ गेलेली असते. वासावर विसंबावं, तर नाक थोड्याच वेळात त्या वासाला सरावतं. मग हवेत तो आहे का, किती आहे, वाढतोय की ओसरतोय, हे सांगणार कोण? हवेचा नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेत न्यावा आणि टायट्रेशन करावं, तर आकडा येईपर्यंत वारा फिरलेला असतो. हवा काही फ्लास्कमध्ये बसून राहत नाही.

कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाच्या कॅल्टेक संस्थेत युद्धाच्या काळात याच प्रश्नावर काम चाललं होतं. एका बाजूनं अर्नेस्ट स्विफ्ट आणि त्यांचे सहकारी मस्टर्डपासून पाण्यात तयार होणारं थायोडायग्लायकोल विजेनं बनवलेल्या ब्रोमीननं मोजत होते. मस्टर्डच्या रेणूत गंधकाचा एक अणू असतो आणि त्याची ब्रोमीनशी चटकन अभिक्रिया होते. एका रेणूला ब्रोमीनचा एक रेणू, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन. हिशेब केला तर एक मिलिअँपिअर वीज एक सेकंद वाहिली, की सुमारे ०.८ मायक्रोग्रॅम मस्टर्डचा फडशा पाडेल एवढं ब्रोमीन तयार होतं. इतकी बारीक मोजणी कुठल्या ब्युरेटच्या थेंबाला जमणार?

पुढचं पाऊल शॅफर, ब्रिग्लिओ आणि ब्रॉकमन या तिघांचं. त्यांनी एंड पॉइंटकडे पाहण्याची नजरच बदलली. नेहमीच्या टायट्रेशनमध्ये आपण एंड पॉइंटकडे थेंबाथेंबानं सरकतो, तिथे पोहोचलो की थांबतो आणि द्रावण ओतून देतो. यांनी ठरवलं, सुरुवातच एंड पॉइंटवर करायची आणि तिथून हलायचंच नाही.

यंत्र असं होतं. पंपानं हवा सतत एका लहानशा कुपीतून बुडबुडत जाते. कुपीत आम्ल आणि ब्रोमाइडचं द्रावण असतं. त्यात इलेक्ट्रोडच्या दोन जोड्या बुडवलेल्या असतात. एक जोडी ब्रोमीन तयार करते. दुसरी नुसती पाहत असते, की द्रावणात ब्रोमीन किती आहे, आणि तिच्या विद्युतदाबावरून ते कळतं. सुरुवातीला द्रावणात ब्रोमीनचा नाममात्र अंश राखलेला असतो. हवेतून मस्टर्ड आला की तो हा अंश खाऊ लागतो. पाहणाऱ्या जोडीचा दाब ढळतो, व्हॅक्यूम ट्यूबचा अँप्लिफायर ते ढळणं मोठं करून तयार करणाऱ्या जोडीला जास्त वीज सोडायला लावतो. खाल्लं गेलेलं ब्रोमीन लगेच भरून निघतं. मस्टर्ड कमी झाला की वीजही कमी होते. द्रावण जागच्या जागी राहतं आणि धडपडते ती फक्त वीज. त्या विजेला एक लेखणी जोडायची, लेखणीखाली कागदाची पट्टी सरकवायची. पट्टीवर उमटणारी रेघ म्हणजेच हवेतल्या मस्टर्डचा चढउतार.

इथे शेवटचा थेंब पडतच नाही. टायट्रेशनला अंत उरत नाही आणि मोजणाऱ्या माणसाचा हात तोटीवरून सुटतो. एका नमुन्याला एक आकडा या हिशेबाऐवजी रसायनशास्त्राला वाहत्या काळाचा आलेख मिळाला. युद्धकाळातलं हे काम १९४८ मध्ये अखंड चालणाऱ्या स्वयंचलित टायट्रेशनची उपकरणं म्हणून प्रसिद्ध झालं. पॅसाडेनाच्याच एका कंपनीनं ते 'टायट्रिलॉग' नावानं बाजारात आणलं. मस्टर्डसाठी शिकलेलं यंत्र आता गंधकाच्या इतर संयुगांच्या मागावर निघालं. घरगुती गॅसला मुद्दाम घातलेला मर्कॅप्टनचा वास पुरेसा आहे का, कारखान्याच्या आसपासच्या हवेत गंधकाची दुर्गंधी किती, हे ते लिहू लागलं.

ब्रोमीनचा धडा त्याच्या भावंडालाही लागू पडला. पाण्याचा अंश मोजायची कार्ल फिशरची रीत १९३५ ची. तिच्यातलं आयोडीन विजेनंच जागच्या जागी बनवण्याची पद्धत १९५९ मध्ये आली. तारापूर औद्योगिक वसाहतीत औषधांचा कच्चा माल करणाऱ्या कारखान्यांच्या प्रयोगशाळांत पावडरीतला ओलावा या पद्धतीनं काढतात, तेव्हा एका मिलिग्रॅम पाण्यामागे सुमारे १०.७ कूलोंब हा फॅरेडेचाच दर लागू असतो.

आयोडीनचा याहून धाडसी प्रवास मात्र वर, आकाशाकडे झाला. ऑक्सफर्डचे ॲलन ब्रूअर यांना हवा होता ओझोनचा उभा आलेख, म्हणजे जमिनीपासून वर कुठल्या उंचीवर किती ओझोन आहे ते. जमिनीवरून सूर्यप्रकाश तपासणारं डॉब्सनचं उपकरण डोक्यावरचा एकूण ओझोन सांगे, पण तो कुठे किती आहे हे त्याला नेमकं दिसत नसे. ब्रूअर आणि मिलफर्ड यांनी १९६० मध्ये फुग्याला बांधून सोडता येईल असं लहानसं यंत्र जाहीर केलं. पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणातून हवा बुडबुडते. ओझोन आयोडाइडमधून आयोडीन मोकळं करतो. प्लॅटिनमच्या जाळीवर ते आयोडीन दोन इलेक्ट्रॉन घेऊन परत आयोडाइड होतं. पॅसाडेनाच्या यंत्रात वीज अभिकारक बनवत होती. इथे ओझोन तो बनवतो आणि वीज त्याची मोजदाद करते. उलट दिशेनं सुमारे ०.४ व्होल्टचा दाब देऊन ठेवलेला असतो, म्हणजे आयोडीन नसेल तर वीज वाहत नाही. ओझोनचा एक रेणू, दोन इलेक्ट्रॉन. ओझोन सर्वांत दाट असतो त्या उंचीवरही ही वीज चारेक मायक्रोअँपिअरच्या पुढे फारशी जात नाही.

ते यंत्र भारतात आणायचं तर दोन वाटा होत्या, विकत घ्यायचं किंवा इथेच घडवायचं. साठच्या दशकात परकीय चलनाची चणचण होती आणि फुग्याबरोबर वर गेलेलं यंत्र बहुधा परत मिळत नाही. पुण्यात शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसात, हवामान खात्याच्या उपकरण विभागात, घडवण्याची वाट आधीच रुळलेली होती. याचं मोठं श्रेय ॲना मणी यांचं. १९१८ मध्ये त्रावणकोरात जन्मलेल्या मणी रामन यांच्या प्रयोगशाळेत हिऱ्यांच्या वर्णपटांवर काम करून, लंडनला हवामानाची उपकरणं शिकून १९४८ मध्ये परतल्या आणि पुण्यात रुजू झाल्या. १९५३ मध्ये त्या विभागप्रमुख झाल्या तेव्हा हाताखाली १२१ पुरुष होते. सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे त्यांनी प्रमाणित करून घेतले, म्हणजे ती देशातच बनवता यावीत. चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं, असा त्यांचा कटाक्ष असे.

याच वातावरणात सी. आर. श्रीधरन यांनी भारतीय ओझोनसॉन्ड उभा केला. बुडबुड्यांची कुपी, प्लॅटिनमची जाळी, चांदीची तार, छोटा पंप आणि आकडे खाली धाडणारा रेडिओ, असा सगळा संसार एका पेटीत. ऐकायला सोपं वाटतं, पण ओझोन ब्रोमीनहूनही चंचल. रबराला, धुळीला, हाताच्या तेलकट ठशाला लागला की तो तिथेच संपतो आणि कुपीपर्यंत पोहोचतच नाही. उष्ण कटिबंधात सतरा किलोमीटरच्या आसपास तापमान उणे ८० अंशांपर्यंत उतरतं. तिथे द्रावण गोठता कामा नये. हवा विरळ झाली की पंपाची ओढ कमी पडते, तिचा हिशेब आधीच मांडून ठेवावा लागतो. खाली प्रयोगशाळेत चूक झाली तर द्रावण बदलता येतं. वर गेलेल्या पेटीला दुसरी संधी नसते. या यंत्राचं वर्णन १९६८ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात 'भारतीय विद्युत-रासायनिक ओझोनसॉन्ड' याच नावानं छापून आलं.

पुणे, तिरुअनंतपुरम आणि दिल्ली इथून फुगे जाऊ लागले. मणी आणि श्रीधरन यांनी १९७३ मध्ये भारतावरच्या ओझोनच्या उभ्या आलेखांचा अभ्यास मांडला. ओझोनचा सर्वांत दाट थर केरळवर दिल्लीपेक्षा उंचावर असतो, हे आता आपल्याच फुग्यांनी आणलेल्या आलेखांत दिसत होतं. पुढे हाच सॉन्ड अंटार्क्टिकातल्या भारतीय तळांवर पोहोचला. १९९६ मध्ये जर्मनीतल्या यूलिश इथे, पस्तीस किलोमीटरपर्यंतची हवा कृत्रिमरीत्या उभी करणाऱ्या कक्षात जगातले ओझोनसॉन्ड शेजारी शेजारी तपासले गेले, तेव्हा त्यात भारतीय सॉन्डही होता.

अंटार्क्टिकातच या गोष्टीला वळण लागलं. जपानच्या स्योवा तळावर शिगेरू चुबाची यांनी १९८२ मध्ये मोजलेला ओझोन वसंतात खूपच कमी भरला. तिथून सोडलेल्या फुग्यांतही आयोडाइडवरच चालणारा जपानी सॉन्ड होता. १९८४ मध्ये ग्रीसमधल्या परिषदेत त्यांनी हे मांडलं, पण फारशी दखल घेतली गेली नाही. पुढच्या वर्षी ब्रिटिशांच्या हॅली तळावरच्या डॉब्सन उपकरणाच्या नोंदींनी जग हादरलं. ओझोन गेला होता, हे डॉब्सननं सांगितलं. कुठून गेला, हे फुग्यांनी. १९८६ मध्ये अमेरिकेच्या मॅकमर्डो तळावरून सोडलेल्या फुग्यांनी दाखवलं की फस्त झालेला भाग साधारण १२ ते २० किलोमीटरच्या पट्ट्यातला आहे. गुन्हेगार कोण, हे उकलायला ही उंची निर्णायक ठरली. तिथे बर्फाळ ढग तयार होतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर क्लोरीन मोकाट सुटतो.

क्लोरीनबरोबर आणखी एक आरोपी होता, ब्रोमीन. आग विझवायच्या हॅलॉन वायूंमधून वर पोहोचलेला ब्रोमीनचा एक अणू ओझोन नष्ट करण्यात क्लोरीनच्या अणूपेक्षा सुमारे ६० पट जहाल. चोर आणि त्याच्या मागावरचा पोलीस एकाच घराण्यातले निघाले. क्लोरीन आणि ब्रोमीननं चोरी केली, आयोडीननं तिचा माग काढला.

१६ सप्टेंबर १९८७ च्या माँट्रिअल करारात क्लोरीनवाल्या सीएफसींबरोबर हॅलॉनवरही बंधनं आली. भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला. अंटार्क्टिकावरचा थर १९८० च्या पातळीला यायला २०६६ च्या आसपासचं साल उजाडेल, असा जागतिक हवामान संघटनेचा २०२२ चा अंदाज आहे. इतक्या संथ बदलाची खात्री एखाद्या वर्षीच्या एका आकड्यातून होणार नाही. एखादा वसंत चांगला जाईल, पुढचा वाईट. त्यासाठी दशकानुदशकं तीच मोजणी, तशाच काटेकोरपणे, फुग्यामागून फुगा चालू ठेवावी लागते. तोटी बंद करून आकडा टिपावा आणि वही मिटावी, अशी मुभा या टायट्रेशनला नाही.